साठ-सत्तरच्या वर्गात इंग्रजी लेखन कसं घ्यायचं: जुन्या सर-मॅडमसाठी

हे लिहितोय ते पंधरा-वीस वर्षं इंग्रजी शिकवून झालेल्या सर-मॅडमसाठी. नवीन लागलेल्यांनी वाचलं तर चांगलंच आहे, पण बोलायचंय ते मुख्य जुन्यांशी, कारण आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या मराठी शाळांत इंग्रजीचा खरा भार याच लोकांच्या डोक्यावर आहे. पाचवीपासून एबीसीडी सुरू व्हायची तो काळ यांनी पाहिला, मग 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आलं, पुढे पुस्तकं बदलली, प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली, आणि एवढं सगळं होऊनही एक गोष्ट तशीच राहिली. पोरगं दहावीला येतं, पाठ केलेलं पत्र झकास लिहितं, आणि स्वतःच्या मनातली चार वाक्यं लिही म्हटलं की पेन चावत बसतं.

कारणं आपल्याला सगळ्यांनाच माहीत आहेत. वर्गात 65-70 पोरं, पिरियड 35-40 मिनिटांचा, त्यात मधेच बीएलओची म्हणजे मतदार याद्यांची ड्यूटी, ऑनलाइन माहिती भरणं, कुठला ना कुठला दिन साजरा करून त्याचे फोटो पाठवणं. मग आपण काय करतो तर निबंध फळ्यावर लिहून देतो, पोरं उतरवून घेतात, आपण सही करतो. आणि मग तेच वाक्य पासष्ट वह्यांत पासष्ट वेळा वाचतो. हिवाळा माझा आवडता ऋतू, सगळ्यांचाच, आणि त्यात एकही पोरगं हुरडा-भरताच्या पार्टीबद्दल, रब्बीच्या पाण्याबद्दल एक अक्षर लिहीत नाही. माझं स्पष्ट मत आहे की अनुभवी इंग्रजी शिक्षक थकतो तो यानेच. काम जास्त आहे हे खरंच, पण वाचायला काही नवीन मिळतच नाही हे जास्त खच्ची करतं. म्हणून खाली जे सांगतोय त्याचा हेतू एकच आहे, वह्यांमध्ये पोरांचं स्वतःचं लिखाण यावं आणि ते तपासताना तुमचा जीव जाऊ नये.

विषय आधी बदला

गाइडमध्ये ज्याचं उत्तर सापडेल असा विषय द्यायचाच नाही, एवढा एक नियम पाळला तरी निम्मं काम होतं. आता तर मोबाइलवर एका मिनिटात अख्खा निबंध तयार मिळतो, त्यामुळे घरून लिहून आणा म्हणण्यात काही अर्थच उरला नाही. लिखाण वर्गात, वीस मिनिटांत, आणि विषय असा की फक्त त्या पोरालाच माहीत असेल. रावेर-यावलकडे असाल तर केळीची कापणी होते त्या दिवशी पहाटेपासून काय काय होतं ते क्रमाने लिहा. भुसावळचे असाल तर प्लॅटफॉर्मवर उभं राहून दहा मिनिटांत काय दिसलं. चोपडा-पारोळ्याकडे कापूस वेचणी. शहादा-शिरपूरकडे ऊस तोडायला लोक येतात ते. एखादी रेसिपी हवी असेल तर भरीत आहेच, वांगी कशी निवडायची, कशावर भाजायची, ठेचायची कशी, मिरची किती. प्रक्रिया लिहायला यापेक्षा चांगला विषय मला तरी अजून सापडला नाही, कारण प्रत्येक घरचं भरीत वेगळं असतं आणि पोरं त्यावरून भांडतात, आणि भांडण झालं की लिहायला जोर येतो.

कानबाईचे रोट, आखाजीचे झोके, सारंगखेड्याची यात्रा आणि तिथला घोडेबाजार हे पण आहेच. आजीला विचारून आणा असा विषय वर्षातून एकदा तरी द्या. असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्या ओव्या-गाणी म्हणत गेल्या आणि त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी ते उतरवून घेतलं म्हणून आज आपल्याकडे ते आहे, आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पोरांना हे सांगा आणि म्हणा, तुमच्या आजीचं तुम्ही उतरवून घ्या, आधी तिच्या बोलीत, मग चार-पाच वाक्यं इंग्रजीत. मी पाहिलंय की एरवी वही न आणणारी पोरं पण हे करून आणतात.

आधी बोलू द्या, आणि घरच्या भाषेत

लिहायच्या आधी सात-आठ मिनिटं शेजारच्याशी बोलायचं. अहिराणीत बोला, लेवा बोलीत बोला, गुजरीत बोला, काही हरकत नाही. बरेच जण म्हणतात की इंग्रजीच्या तासाला इंग्रजीच बोललं पाहिजे, ते ऐकायला बरं वाटतं, पण ज्याला काय सांगायचंय हेच ठरलेलं नाही तो कुठल्याच भाषेत लिहू शकत नाही. घरच्या भाषेत गोष्ट आधी डोक्यात नीट लागते, कोण होतं, कधी झालं, मग काय झालं, आणि मग इंग्रजी शब्द शोधायला जीव उरतो. शब्द अडले तर पोरांनी विचारायचे आणि तुम्ही फळ्याच्या एका कडेला लिहीत जायचं. केळीच्या घडाला काय म्हणतात, नांगरटीला काय, बांधाला काय. तासाच्या शेवटी फळ्यावर वीस-पंचवीस शब्द जमतात आणि ते पोरांनीच मागितलेले असतात त्यामुळे लक्षात राहतात.

धडगाव-अक्कलकुव्याकडे आश्रमशाळेत असाल तर हे अजूनच महत्त्वाचं आहे. तिथल्या पोराला घरी पावरी नाहीतर भिली, शाळेत मराठी, आणि त्यावर इंग्रजी. आपण मराठीत समजावून सांगतो आणि आपल्याला वाटतं सोपं केलं, पण त्याच्यासाठी मराठी पण शिकायचीच भाषा आहे. तिथे आपल्यालाच थोडी पावरी शिकावी लागते, पोरं फार आनंदाने शिकवतात. चित्र काढून त्याच्याखाली एकेक ओळ लिहायची, असं आठवी-नववीपर्यंत चाललं तरी त्यात कमीपणा मानू नका.

तपासणी: सगळं सगळ्यांचं तपासू नका

हा भाग जरा सविस्तर सांगतो कारण खरी अडचण इथेच आहे.

समजा वर्गात 65 पोरं आहेत. दर आठवड्याला फक्त 13 वह्या बारकाईने वाचायच्या. हजेरीप्रमाणे 1 ते 13 पहिल्या आठवड्यात, 14 ते 26 दुसऱ्या, असं पाच आठवड्यांत सगळा वर्ग होतो. बाकीच्या 52 वह्यांवर त्या आठवड्यात फक्त तारीख आणि सही, लिहिलंय की नाही एवढंच बघायचं. म्हणजे प्रत्येक पोराला पाच आठवड्यांतून एकदा कळतं की सरांनी माझं पूर्ण वाचलं. हे वर्षभर चाललं तर सहा-सात वेळा होतं, आणि मला विचाराल तर अशी सहा वाचनं साठ सह्यांपेक्षा भारी आहेत.

आता त्या 13 वह्यांत काय करायचं. एक नमुना बघा, नववीतल्या पोराचं लिखाण साधारण असं येतं. विषय होता रात्रीची शेतीची लाइट. तो लिहितो, माय फादर गो टू फार्म इन नाइट. लाइट कम इन नाइट. ही टेक टॉर्च अँड स्टिक. आय ऑल्सो गो. स्नेक इज देअर. मदर नॉट स्लीप.

जुनी सवय म्हणजे लाल पेन काढायचं, गो ला गोल, कम ला गोल, टेक ला गोल, आर्टिकल नाहीत तिथे बाण, शेवटी मोठ्या अक्षरात इम्प्रूव्ह. पोराला वही परत मिळते तेव्हा त्याला एवढंच दिसतं की सगळं लाल आहे, आणि तो पुढच्या वेळी गाइडमधून उतरवतो कारण त्यात लाल येत नाही. पण त्या लिखाणाकडे जरा थांबून बघा ना. शेवटची तीन शब्दांची ओळ वाचा, आई झोपत नाही. सहा वाक्यांत त्याने अख्खं घर आणलंय. तिथे खाली एक सरळ रेघ मारायची आणि समासात प्रश्न लिहायचा की तुम्ही परत येईपर्यंत ती काय करते. प्रश्न खरा पाहिजे, म्हणजे तुम्हाला उत्तर जाणून घ्यायचंय असा, पोरांना लगेच कळतं.

आणि चुकांमधली फक्त एकच जात निवडायची. इथे ती स्पष्टच आहे, ही-शी-इट च्या क्रियापदाला एस लागलेला नाही. ज्या तीन ओळींत ती चूक आहे त्या ओळींसमोर समासात फक्त एक टिंब द्यायचं, चूक दाखवायची नाही, दुरुस्त तर करायचीच नाही. पोराने शोधायची. शेवटच्या ओळीत डझ नॉट हवं होतं, तो धडा नंतरचा, आज सोडून द्यायचं. आर्टिकल पण सोडून द्यायचं. ही समासातल्या खुणेची पद्धत अमेरिकेतल्या रिचर्ड हॅसवेल नावाच्या प्राध्यापकाने 1983 मध्ये मांडली होती, त्याच्या विद्यार्थ्यांनी निम्म्याहून जास्त चुका स्वतःच शोधून दुरुस्त केल्या होत्या. ती पोरं कॉलेजची आणि इंग्रजीतच वाढलेली, आपली तशी नाहीत, म्हणून आपण टिंबाबरोबर चुकीची जात कुठली ते फळ्यावर सांगून टाकायचं. या आठवड्याचं टिंब म्हणजे एस, बस.

दुसऱ्या खेपेला तेच पोरगं काय आणतं बघा. माय फादर गोज, लाइट कम्स, ही टेक्स, तीनही बरोबर. आणि पुढे नवीन, माय मदर सिट्स इन द डोअर, शी मेक टी टू टाइम्स. सिट्सला एस आला, मेकला राहिला. इथे वैतागू नका, असं होतंच. डोकं जेव्हा नवीन गोष्ट सांगण्यात गुंतलेलं असतं तेव्हा नुकताच शिकलेला नियम हातातून निसटतो, आपलंही नवीन काही शिकताना तसंच होतं. महत्त्वाचं हे की सहाची आठ वाक्यं झाली आणि ती दोन त्याने पाठ केलेली नव्हती.

चुकांचा क्रम मी साधारण असा ठेवतो, तुमचा वेगळा असू शकतो. शाळा उघडल्यापासून श्रावणापर्यंत पूर्णविराम आणि कॅपिटल, कारण आपली पोरं कॉमा देत देत अख्खं पान एकाच वाक्यात लिहितात. मग दिवाळीपर्यंत तो एस. दिवाळीनंतर भूतकाळ, आणि तो यात्रेच्या, लग्नाच्या, पडलेल्या-झडलेल्या गोष्टींमधून आपोआप लागतोच. स्पेलिंगसाठी नेहमी लागणारे शंभरेक शब्द भिंतीवर, बाकीच्या स्पेलिंगच्या मागे लागायचं नाही. आर्टिकल आणि प्रिपोझिशन सगळ्यात शेवटी. मराठीत ए-ॲन-द सारखं काही नाहीच, त्यामुळे ते कानाला फार उशिरा लागतं आणि नववीत त्यावर घातलेली शाई वायाच जाते.

बेंचवरच्या जोडीदाराने वाचणं पण ठेवा, पण चुका काढायला लावू नका, भांडणं होतात आणि हुशार पोरगं दुसऱ्याचं सगळं खोडून स्वतःचं लिहून देतं. दोनच गोष्टी सांगायच्या, कुठली ओळ आवडली आणि कुठे कळलं नाही. मराठीत सांगितलं तरी चालेल.

हेडसरांशी आधीच बोलून घ्या

हे टाळू नका. पासष्टपैकी बावन्न वह्यांत नुसती सही दिसली की तपासणीला आलेले साहेब विचारणार, आणि ते विचारणं चुकीचं नाही, त्यांना काय माहीत तुमची पद्धत. म्हणून जूनमध्येच मुख्याध्यापकांना एक कागद लिहून द्या, कुठल्या आठवड्यात कुठले नंबर, कुठली चूक, आणि ती नोंद रजिस्टरला ठेवा. पालकांच्या सभेत पण सांगा, नाहीतर कुणीतरी म्हणणारच की सर वही तपासत नाहीत. दोन वह्या उघडून दाखवा, जूनमधलं पान आणि ऑक्टोबरमधलं पान, त्याच्यापुढे जास्त बोलावं लागत नाही.

तुम्ही पण लिहा, त्यांच्यासमोर

महिन्यातून दोनदा तरी तोच विषय घेऊन फळ्यावर स्वतः लिहा, तयारी न करता. बरीच वर्षं शिकवलेल्या माणसाला याचीच सगळ्यात भीती वाटते, वर्गासमोर अडलो तर काय. पण पोरांनी आजवर तयार झालेलं इंग्रजीच फक्त पाहिलंय, ते तयार कसं होतं हे कुणी दाखवलंच नाही. तुम्ही लिहा की स्टेशनवर मेनी पीपल होते, मग थांबा, मोठ्याने म्हणा हे तर कुठल्याही स्टेशनचं झालं, ते खोडा, आणि लिहा की एक म्हातारे बाबा ट्रंकेवर बसून चिवडा खात होते. पोरांच्या चेहऱ्यावर कळतं की त्यांना काहीतरी सापडलं. खोडायचं असतं, बदलायचं असतं, शब्द आठवला नाही तर दुसरा वापरायचा असतं, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की वही खराब होईल म्हणून घाबरणारी पोरं पण खोडायला लागतात.

आपल्याकडे याची परंपरा आहे बरं का. साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, छात्रालयातल्या मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने लिहून दैनिक काढायचे, आणि 1928 मध्ये विद्यार्थी नावाचं मासिक पण सुरू केलं. रोज मुलांसाठी लिहिणारा शिक्षक याच मातीत होऊन गेला. आपण रोजचं नाही म्हणत, पंधरा दिवसांतून एक इंग्रजी भित्तीपत्रक काढा, त्यात चार पोरांचं आणि एक तुमचं. तुमचं नाव खाली असू द्या.

बोर्डाच्या परीक्षेचं काय

हा प्रश्न येणारच. लेखी पेपर 80 चा आहे, त्यात पत्र, संवाद, बातमी, माहितीचं रूपांतर असले प्रकार ठरलेले आहेत आणि त्यांचे फॉरमॅट शिकवायलाच लागतात. पण फॉरमॅट शिकवायला वर्ष लागत नाही. जानेवारीत दहा-बारा पिरियड पुरतात, जर पोराला आधीपासून स्वतःची वाक्यं लिहायची सवय असेल तर. नसेल तर वर्षभर घोकूनही प्रश्न जरा फिरवून आला की ते अडतं.

नाशिक विभागाकडून परीक्षक म्हणून ऑर्डर आली तर कटकट म्हणून टाळू नका. मार्च-एप्रिलच्या उन्हात गठ्ठे तपासणं सोपं नाही हे मान्य, सकाळी लवकर बसा आणि दुपारी बारानंतर पेपरला हात लावू नका, डोकं तापलं की मार्क पण तापतात. पण तिथे जे शिकायला मिळतं ते दुसरीकडे नाही. एकाच केंद्राच्या गठ्ठ्यात तेच पत्र, त्याच क्रमाने, त्याच चुकीसकट दिसत जातं, आणि मधेच कुणीतरी तोडक्यामोडक्या इंग्रजीत स्वतःचं लिहिलेलं असतं तेव्हा आपण सावरून बसतो. नियामकांशी, म्हणजे आपण तपासलेले पेपर परत बघणाऱ्यांशी, बोलताना विचारा की असल्या उत्तराला ते किती देतात आणि का. परत आल्यावर ते वर्गात सांगा, पेपर कुणाचा कुठला काही न सांगता.

तुमच्या स्वतःच्या वाढीसाठी

नोकरीच्या बारा वर्षांनी वरिष्ठ आणि चोवीस वर्षांनी निवड वेतनश्रेणीचं प्रशिक्षण येतं, त्यात कृतिसंशोधन लिहायला सांगतात. तयार मिळणारं कॉपी करू नका, मनापासून सांगतो. तुमच्याकडे पासष्ट वह्या आहेत, त्यातल्या दहा पोरांचं जूनचं, ऑक्टोबरचं आणि फेब्रुवारीचं एकेक पान मोबाइलने काढून ठेवा, वाक्यं मोजा, एस किती वेळा बरोबर आला ते मोजा, झालं संशोधन. ते लिहिताना तुम्हाला स्वतःच्या वर्गाबद्दल असं काही कळेल जे इतकी वर्षं रोज समोर असून दिसलं नव्हतं.

एकट्याने करू नका. तालुक्यातले चार-पाच इंग्रजीवाले जमवा, महिन्यातून एक शनिवार सकाळची शाळा सुटल्यावर दोन तास. ब्रिटिश कौन्सिलच्या तेजस प्रकल्पात टॅग म्हणून शिक्षकांचे असे छोटे गट आपल्या राज्यात चालायचे, त्यातली चांगली गोष्ट हीच होती की लेक्चर कमी आणि शिक्षक एकमेकांना आपलं काम दाखवायचे. तेवढंच ठेवा. प्रत्येकाने एक वही आणायची, नाव झाकून, आणि बाकीच्यांनी सांगायचं की ते समासात काय लिहिलं असतं. व्हॉट्सॲप ग्रुप वेगळा काढा आणि त्यावर गुड मॉर्निंग बंद.

आणि शाळेत नवीन शिक्षण सेवक आला असेल तर त्याच्याकडे लक्ष द्या. माध्यमिकला महिन्याला 18 हजारांवर तीन वर्षं काढायची असतात त्याला, बहुतेक घरापासून लांब खोली करून राहतो, आणि पहिल्याच आठवड्यात सगळ्यात मोठा वर्ग त्याच्याच गळ्यात पडतो. त्याला आपण सहसा आपलं जुनं गाइड आणि वार्षिक नियोजन देतो. त्याऐवजी त्याला तुमच्या तासाला मागच्या बेंचवर बसवा, मग तुम्ही त्याच्या तासाला बसा, आणि बाहेर आल्यावर चहा घेताना एकच गोष्ट सांगा, पाच नाही.

वह्यांच्या पानांची एक फाइल पण बनवायला लागा, आजपासून, रिटायरमेंटची वाट न बघता. प्रत्येक विषयाचं एक साधारण, एक मध्यम आणि एक चांगलं असं तीन पानांची झेरॉक्स, त्यावर तुमच्या समासातल्या खुणा, वर इयत्ता आणि साल, पोराचं नाव पांढऱ्या पट्टीने झाकलेलं. कुठला विषय फसला तोही लिहून ठेवा आणि का फसला ते. फाइल तुमच्या कपाटात नको, स्टाफरूममध्ये उघड्यावर ठेवा, इंग्रजीचा जो कुणी येईल त्याला घेता आली पाहिजे.